केसभर बाक

जगात पूर्ण सरळ अशी एकही वस्तू नाही, आणि असलीच तर ती अजून आमच्या व्याह्यांच्या हाती लागलेली नाही. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. राहायला नांदेडला. सगळी नोकरी बसगाड्यांच्या वर्कशॉपात पत्र्याचे पोचे काढण्यात गेली, आणि त्या पोच्यांनी त्यांची नजर अशी काही बिघडवून ठेवली आहे की दारात माणूस आला की ते त्याच्या तोंडाकडे नंतर बघतात, हातातल्या मोबाईलकडे आधी. मी लातूरच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, पृथ्वी गोल आहे हे पोरांच्या पिढ्याच्या पिढ्यांना पटवलं, पण माझ्या खिशातला फोन वाकडा आहे हे कळायला मला या गृहस्थांशी सोयरीक करावी लागली.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्याला काळा कडप्पा आहे. या कडप्प्यावर घरात जितक्या भाकरी थापल्या गेल्या नसतील तितके मोबाईल तपासले गेले असतील. पाहुणा आला, पाणी पिऊन झालं, की हे हात पुढे करतात, "आणा बघू." फोन कडप्प्यावर पालथा ठेवायचा. काच घासेल म्हणून इकडे पाहुण्याचा जीव वरखाली. मग कान खाली नेऊन एकेक कोपरा अंगठ्याने दाबायचा. फोन सरळ असेल तर आवाज नाही. जरा जरी बाक असेल तर 'टक्' होतं. टक् झालं की व्याह्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरतं की पाहुण्यालाही आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटावं. माझा मुरुडचा मेहुणा एकदा नवाकोरा फोन मिरवत आला होता. व्याह्यांनी दोन कोपरे दाबले आणि शांतपणे सांगितलं, "ह्या फोनवर पहिला मालक बसला व्हता. अन् माणूस भारी व्हता." मेहुण्याने तो जुना घेतला होता हे त्याच्या बायकोलासुद्धा ठाऊक नव्हतं. तेव्हापासून तो नांदेडला आला की फोन गाडीतच ठेवून येतो.

पण त्यांचा खरा वैरी म्हणजे पँटचा मागचा खिसा. ज्याने पँटला मागे खिसा लावला त्या शिंप्याला ते आजही माफ करायला तयार नाहीत. एकदा आम्ही दोघं नांदेडहून लातूरला बसने निघालो होतो. लोह्याला एक धष्टपुष्ट गृहस्थ चढले, आमच्या पुढच्या सीटवर बसायला वाकले, आणि त्यांच्या मागच्या खिशात अर्धा बाहेर आलेला फोन व्याह्यांना दिसला. सांगायला वेळ नव्हता. व्याह्यांनी सरळ हात घालून फोन काढून घेतला. त्यानंतर बसमध्ये जे झालं ते काय वर्णावं! पाकीटमार म्हणून चारजण उठले, कंडक्टरने घंटी मारून गाडी थांबवली. व्याही मात्र फोन डोळ्यांसमोर आडवा धरून त्याची कड निरखत होते. म्हणाले, "अजून वाकला न्हाई. धरा. पुढल्या खिशात ठेवा." मी त्यावेळी खिडकीबाहेर बघत होतो आणि या माणसाला आपण ओळखत नाही असा चेहरा करायचा प्रयत्न करत होतो. ते गृहस्थ अहमदपूरला उतरताना व्याह्यांना चहा पाजून गेले, ही गोष्ट वेगळी.

वाकलेला फोन ते नुसता दाखवून सोडत नसत, सरळ करूनही देत. आणि ठोकून नव्हे. इतवाऱ्याच्या बाजारात त्यांच्या ओळखीचे एक मोबाईल दुरुस्तीवाले चाचा आहेत. चाचा फोन उघडून काच, बॅटरी, आतडी-कोथळा सगळं बाजूला काढायचे आणि रिकामी बॉडी यांच्या हवाली करायचे. ती बॉडी दोन सागवानी फळ्यांमध्ये घालून हे शिकंज्यात धरायचे आणि रोज सकाळी आंघोळीनंतर शिकंज्याचा स्क्रू पाव आटा आवळायचे. फक्त पाव. माणूस घाई करू लागला की म्हणायचे, लोखंडाला घाई चालते, ह्या धातूला चालत नाही. एकदा वाकला, एकदा सरळ केला, तिसऱ्यांदा तो तुटतो. त्यामुळे नांदेडात कित्येक लोक आठ आठ दिवस बिनफोनाचे हिंडायचे आणि तक्रार करायचे नाहीत. कव्हरचं नाव मात्र त्यांच्यापुढे काढायचं नाही. कव्हर म्हणजे झाकली मूठ, त्याच्या आड बाक लपतो, असं त्यांचं ठाम मत.

आणि हा एवढा कव्हरद्वेष्टा माणूस स्वतःचा फोन कशात ठेवायचा? तर विहीणबाईंनी ब्लाऊजपीसची शिवलेली, नाडीची, जांभळी पिशवी. नाडीला दोन गाठी. जगाचे फोन कडप्प्यावर पालथे पाडणाऱ्या या माणसाचा फोन माझ्यासमोर पिशवीतून कधी बाहेर आला नाही. वाजला की ते पिशवीसकट उठून अंगणात जात.

ते मला फार लागायचं. का ते सांगतो. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी निक्षून सांगितलं होतं की आपण बुद्धवंदना म्हणून लग्न लावणारी माणसं, मानपान, अंगठी, आहेर यातलं काही आणायचं नाही. मुलीच्या बापाला एवढं ऐकून खरं तर गप्प बसता यायला हवं. पण मला राहवलं नाही. लातूरची दुकानं तीन दिवस पालथी घातली आणि पूर्ण धातूच्या अंगाचा, तांब्याच्या रंगाचा एक फोन घेतला. लग्नाच्या दिवशी तो त्यांच्या हातात देऊन म्हणालो, हा मान नव्हे, रोज बोलायला आहे. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. त्यानंतर तो फोन मी पाहिला नाही. रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन यायचा, पण तो कुठल्या फोनवरून, देव जाणे. एकदा आडून विचारलं, फोन कसा चाललाय? म्हणाले, "झ्याक," आणि तुरीच्या भावावर गेले. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, तुम्हा दोघांचं तुम्ही बघा बाबा. माझी खात्रीच झाली. विकला असणार, नाहीतर कुणाला देऊन टाकला असणार. मास्तराची वस्तू, यांना काय पसंत पडणार! बायको म्हणायची सरळ विचारा. पण ज्या घरात आपली लेक नांदते तिथे सरळ कसं विचारणार? दोन वर्षं मनात अढी ठेवून मी त्यांच्याशी हसून बोलत होतो. त्यांचं हे फोन सरळ करण्याचं वेडही लग्नानंतरच सुरू झालं होतं, पण निवृत्त माणसाचे रिकामे उद्योग म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नव्हतं.

मग एका रविवारी मी नांदेडला गेलो होतो. व्याही आंघोळीला गेलेले. खुंटीवरची पिशवी वाजू लागली. विहीणबाई पीठ मळत होत्या. म्हणाल्या, घ्या की गुरुजी, माझे हात भरलेत. मी दोन गाठी सोडेपर्यंत फोन वाजायचा थांबला, आणि विहीणबाई "अगं बाई" म्हणून तशाच परातीवर थिजल्या. माझ्या हातात तांब्याच्या रंगाचा फोन होता. माझाच.

मी खुळ्यासारखा ओट्यापाशी गेलो, फोन कडप्प्यावर पालथा ठेवला आणि या माणसाच्या संगतीने लागलेल्या सवयीने कोपरा दाबला. टक्.

मागे व्याही पंचा गुंडाळून उभे होते. अंगावरून पाणी निथळत होतं. गुन्हा कबूल करावा तसे ते बोलले, "लग्नाच्या पंगतीतच बसलो की हो त्याच्यावर. नवी पँट व्हती, मागं खिसा हाय हेच ध्यानात न्हाई राहिलं. तुमी वाढून राहिले व्हते, अन् खाली कर्रकन वाजलं."

मी म्हणालो, मग सांगायचं ना. तर म्हणाले, "काय सांगू? तुमी दिलेली वस्तू चार घंटेबी नीट ठेवली न्हाई म्हणून? अन् नीट करायची तर पहिला हात तुमच्याच फोनवर कसा टाकू गुरुजी? आधी दुसऱ्यांच्या फोनवर शिकलो. दीड वर्षं. मग ह्याला हात लावला."

म्हणजे तो मेहुण्याचा फोन, तो लोह्याचा माणूस, त्या सागवानी फळ्या, तो पाव आटा, सगळं माझ्या एका फोनासाठी चाललं होतं, आणि मी लातुरात बसून या माणसाने फोन विकला म्हणून बायकोचं डोकं खात होतो. मला माझी लाज वाटली. तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. ते नुसते हसले आणि म्हणाले, जाऊ द्या, आधी कपडे घालून येतो. लेकीला त्यांनी शपथ घातली होती हे तिने त्या दिवशी जेवताना सांगितलं.

आता तो फोन म्हातारा झाला आहे. पोरं नवा घ्या म्हणून मागे लागतात, पण व्याही म्हणतात, बोलतो तोवर राहू द्या. व्याह्यांचा उजवा अंगठाही हल्ली थोडा थरथरतो. शिकंजा चाचांच्या दुकानात देऊन टाकला आणि लोकांचे फोन घेणं बंद केलं. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा त्यांनी पिशवीच्या गाठी सोडून फोन स्वतःच ओट्यावर ठेवला. म्हणाले, "हितं केसभर बाक राहिला बगा. तेवढा काढायचा व्हता, आता हात साथ देत न्हाई."

"राहू द्या," मी म्हणालो, "तिसऱ्यांदा तुटतो."

संध्याकाळी सातला त्यांचा फोन अजून येतो. आवाज जरा खरखरतो, आम्ही दोघं दोनदा दोनदा विचारतो, ऐकू येतंय का. आणि नांदेडला गेलो की पाणी पिऊन झाल्यावर मी हात पुढे करतो, आणा बघू म्हणतो, आणि त्या कडप्प्यावर तोच कोपरा दाबून बघतो. टक् झालं की मला बरं वाटतं.