डोळे मिटून प्रार्थना

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी मुलुंडला मुलींच्या शाळेत पाचवीत होते. आमच्या वर्गबाईंचा नियम होता: प्रार्थनेला डोळे मिटायचे, आणि कुणी उघडले तर नंतर तिचं नाव सांगायचं. जिचं नाव येईल तिने पहिला तास संपेपर्यंत अंगठे धरायचे.

एकदा शेजारच्या मुलीने माझं नाव सांगितलं. मी डोळे उघडलेच नव्हते! वाकल्या वाकल्या डोक्यात तिडीक गेली. हिला दिसलं म्हणते, म्हणजे हिचेही उघडेच असणार ना! पण बाईंना हे विचारायची कुणाची टाप होती?

दुसऱ्या दिवशी, होईल ते होऊ दे म्हणून, प्रार्थना चालू असताना मी डोळे उघडले. अख्खा वर्ग टक्क उघड्या डोळ्यांनी गात होता. हात जोडलेले, आणि प्रत्येकीची नजर दुसरीच्या पापण्यांवर. डोळे मिटले होते ते फक्त बाईंनी, अगदी निवांत.

प्रार्थना संपली. सगळ्यात आधी हात वर केला तो मी, आणि शेजारणीचं नाव सांगून टाकलं.