हिरवे काका

आमच्या वसाहतीतल्या पोरांनी त्यांचं नाव हिरवे काका ठेवलं, आणि त्याला कारण ते स्वतःच. अणुवीज केंद्रातून बाहेर पडायच्या दारात एक यंत्र होतं. सुटी झाली की त्यात हात-पाय ठेवून उभं राहायचं; अंगाला किरणोत्सारी धूळ लागलेली नसेल तर हिरवा दिवा लागायचा, मगच घरी जायचं. काकांनी त्या यंत्राशेजारी एकतीस वर्षं काढली. घरीही तोच खाक्या. आम्ही खेळून आलो की दाराच्या चौकटीवर दोन्ही तळवे टेकवायचे, काका नखशिखांत न्याहाळणार आणि ओरडणार, "हिरवा!" चिखलानं बरबटलेलो असलो तर "लाल!" आणि थेट नळाखाली रवानगी. त्यांची मुलगी, आमची ताई, या खेळात सगळ्यांच्या पुढे. बापानं हिरवा म्हटलं की तिच्यासाठी विषय संपला.

मग दूरच्या कुठल्याशा देशात अशाच एका केंद्रात अपघात झाला. आमच्याकडे खुट्ट झालं नाही, पण केंद्र पाहायला येणाऱ्या शाळांच्या सहली बंद पडल्या. दुसऱ्या अणुभट्टीचा खड्डा खणून तयार होता. तीन भागीदारांपैकी एक कंपनी गुपचूप निघून गेली, मग विमावाल्यांनी हात वर केले, मग बँकेनं. त्या खड्ड्यात आता बदकं पोहतात. इतकं महागडं तळं कुठल्या बदकाच्या नशिबी आलं नसेल. चालू भट्टीचा परवाना संपला, तेव्हा तो वाढवून मागायलाही कोणी पुढे आलं नाही.

काकांना त्याचं वाईट वाटलंच. पण खरा घोर होता नातीचा. चार वर्षांची झाली तरी तिनं या घरात पाऊल टाकलं नव्हतं. ताई फोनवर कधी सर्दी सांगायची, कधी शाळा. "अगं, माझ्या छातीवरचा बिल्ला किरणं मोजतो. एकतीस वर्षांत तो कधी मर्यादेच्या आसपास गेला नाही," काका पुन्हापुन्हा सांगायचे.

"बाबा, तुम्हीच या ना इकडे."

ते जायचे. पण त्यांना ती पोर या दारात उभी हवी होती, जीव तुटायचा त्यांचा. तिच्या उंचीचा अंदाज घेऊन त्यांनी चौकटीवर खाली दोन चिमुकले तळवे हिरव्या रंगानं रंगवून ठेवले होते.

घरं रिकामी करायची नोटीस आली तेव्हा ताई आली. एकटीच. मी खोकी बांधू लागायला गेलो होतो. तिनं ते रंगवलेले तळवे पाहिले आणि ते झाकले जातील असं खोकं सरकवून ठेवलं. दिवसभर बापलेक गप्पा मारत भांडी कागदात गुंडाळत होते.

संध्याकाळी निघताना ती बाहेर पायरीवर उतरली, वळली आणि चौकटीवर हात टेकवले.

"बाबा, मी घरी पोचले की ती धावत येऊन बिलगते. घेऊ ना तिला उचलून?"

विचारलं हसतच, पण चौकटीवरचे हात काढले नाहीत. काकांनी चष्मा लावला. तळवे पाहिले, चपलांचे तळ पाहिले, जराही घाई केली नाही.

"हिरवा," ते म्हणाले.

ताईनं डोळे पुसले, त्यांना घट्ट मिठी मारली. मग अंगणातल्या नळाशी गेली आणि कोपरापर्यंत हात धुतले. एकदा धुतले, पुन्हा धुतले.

काका दारातून बघत होते.

"साबण खिडकीत आहे गं," ते म्हणाले.