नाथाजी रांजणेचं अठ्ठाविसावं मरण

मेढ्याच्या वरच्या आळीतला नाथाजी रांजणे आजवर सत्तावीस वेळा मेला आहे. बुडून चार वेळा, गोळी लागून नऊ वेळा, एकदा साथीच्या रोगानं, एकदा वाघाच्या तोंडी जाऊन. उरलेल्या वेळा कशानं मेला ते त्याला कुणी सांगितलं नाही. मेलेल्या माणसाला कारण सांगत बसायला सिनेमावाल्यांकडे वेळ नसतो.

सगळे सिनेमे हिंदी. मुंबईची मंडळी वाई-मेढ्याच्या अंगाला गाड्या भरभरून येतात, एखाद्या गावाचा चार दिवस उत्तर प्रदेश करून टाकतात, ग्रामपंचायतीवर हिंदी पाटी चढवतात, आणि त्या उत्तर प्रदेशात कुणाला तरी मरावंच लागतं. तो मान नाथाजीचा. सत्तावीस सिनेमे जोडले तर पडद्यावर तो जेमतेम दीड मिनिट दिसतो. त्यातही दोनदा पांढऱ्या चादरीखाली होता, नुसता पाय बाहेर. पण टीव्हीवर तो सिनेमा लागला की आळीतली माणसं गोळा होतात आणि नाथाजी उठून पडद्याला बोट लावून सांगतो, "ह्यो अंगठा माजा."

ही कला त्याला बापाकडून मिळाली, म्हणजे बापाच्या धाकानं. बाप फौजेतून सुभेदार होऊन आलेला. पहाटे पाचला पोरांना उठवून टेकडीपर्यंत पळवायचा. नाथाजीनं त्यावर झोपेचं सोंग शोधून काढलं, आणि ते इतकं घोटलं की तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं तरी पापणी हलायची नाही. बाप शेवटी म्हणायचा, "ह्ये एक मेलं वाटतं," आणि बाकीच्यांना घेऊन पळायला जायचा. बावीस वर्षांपूर्वी नाथाजी टेम्पोतून कडबा घेऊन एका शूटिंगवर गेला, तेव्हा मुंबईहून आणलेल्या मढ्याच्या नाकावर माशी बसली आणि मढं शिंकलं. तीनदा बसली, तीनदा शिंकलं. कडब्याच्या पेंढीवर बसलेला नाथाजी म्हणाला, "मला निजवा की." त्याच्या नाकावर तर दोन माश्या बसल्या.

तेव्हापासून आष्ट्याच्या वर्धमान मगदूमनं त्याला सोडलं नाही. वर्धमान आधी लग्नाचे मांडव घालायचा. पुढं त्याच्या लक्षात आलं की मांडवापेक्षा मांडवातली माणसं जास्त मागितली जातात, आणि तो सिनेमांना गर्दी पुरवू लागला. शंभर वऱ्हाडी, चाळीस गुंड, एक मेलेला, असं फोनवर सांगितलं की दुसऱ्या दिवशी सकाळी हजर.

सिनेमावाल्यांचा एक शिरस्ता आहे. मेलेल्याचा शॉट झाला की त्यानं उठून कॅमेऱ्याकडं बघून मोठ्यांदा हसायचं. कॅमेऱ्यात शेवटचं मरण राहू नये, माणूस घरी जिवंत जावा, म्हणून. नाथाजी इतक्या मनापासून हसायचा की लाइटवालेही हसत. आणि त्याची लेक प्रियदर्शनी, तीन वर्षांची असल्यापासून आईच्या कडेवरून हे बघत आली. आण्णा मरतो, मग हसतो, मग आपल्याला खांद्यावर घेतो. तिला मरण म्हणजे एवढंच ठाऊक होतं.

आता ती एकवीस वर्षांची. साताऱ्याला कॉलेजात जाते, एकांकिकांत काम करते, गेल्या वर्षी तिला बक्षीसही मिळालं. एके दिवशी वर्धमानचा फोन आला.

"नाथा, ह्या टायमाला मढ्याला लेक पायजे."

"म्हंजे?"

"मुंबईची पोरगी येणार हुती, तिला टायफॉइड झाला. बाप मरतो, त्यावर ती रडती, आन् पुढं सगळ्या सिनेमात हिंडती. बारा दिवसांचं काम हाय. म्याडम म्हणत्यात, इकडची कोण आसंल तर दावा. एक शीन करून घेऊ. जमलं तर तीच, न्हाई तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबैची दुसरी पोरगी येती."

नाथाजीनं फोन ठेवला, लगेच परत लावला आणि म्हणाला, "दादा, माजी लेकच हाय की."

बातमी आळीत पसरली. पारावर नानासो म्हणाला, "वशिला हाय बाबा! हिरोची पोरं हिरो, आन् मढ्याची पोरगी हिरवीन."

"व्हय," नाथाजी म्हणाला, "घराणं हाय आमचं. सत्तावीस सिनेमांचं."

घरात मात्र अंबूबाईनं पातेलं आपटलं. "पोरीला बघाय पावणं आलं तर काय सांगू? बाप मरतो आन् लेक रडती, हा धंदा हाय आमचा?"

"आई, मी रडणार न्हाई, अभिनय करणार," प्रियदर्शनी म्हणाली.

"तेच की मग. फुकटचं रडनं."

शूटिंग मेढ्याच्या पलीकडं, एका देवळापुढच्या चौकात होतं. तुळशीकट्टा झाकून टाकला होता, कारण तिथं कुणाची तरी हवेली उभी करायची होती. नाथाजीला धोतर नेसवलं, कपाळाला चंदन लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि बाजेवर निजवलं. प्रियदर्शनीनं धावत यायचं, गुडघ्यावर बसायचं, बापाचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "बाबूजी, एक बार आँखें खोलिए." एवढंच वाक्य.

डायरेक्टर बाई दिल्लीकडच्या, बारीक, कडक. त्यांनी ॲक्शन म्हटलं.

डोळे मिटलेल्या नाथाजीला लेकीची पावलं ऐकू आली. धाड धाड, मग थांबली. गुडघे टेकल्याचा आवाज. तिचा हात आला. "बाबूजी, एक बार..." आणि मग खुदकन.

"कट!"

दुसऱ्या वेळी 'बाबूजी'पर्यंतच पोचली. तिसऱ्या वेळी तोंड उघडायच्या आधीच हसू फुटलं. चौथ्या वेळी ती हसू आवरायला गालाचं मांस चावत होती, ते नाथाजीला आवाजावरून कळलं. पाचव्या वेळी ती हसली आणि मागं उभे केलेले वर्धमानचे चाळीस गावकरीही हसले. एक म्हातारी तर डोळे पुसत खाली बसली. बाईंना वाटलं, ती फार छान रडतेय. त्यांनी तिचा वेगळा शॉट घ्यायला सांगितला.

सातव्यानंतर बाई म्हणाल्या, "पाँच मिनट." आणि आपल्या माणसाला म्हणाल्या, "मुंबई फ़ोन लगाओ."

बाजेवर नाथाजी उठून बसला. प्रियदर्शनी त्याच्यापुढं उकिडवी बसली होती, डोळ्यांत पाणी, ओठ अजून थरथरत होते, हसण्यानं की भीतीनं, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"आण्णा, मला जमंना. तुमी मेला की मला वाटतं आता हसणार. आता उठणार आन् हसणार. मग माझंच हसू आधी येतं."

"मी हसत न्हाई बाय."

"पण तुमचं पोट हलतंय. वर-खाली, वर-खाली. लय गंमत दिसती."

नाथाजीला हे लागलं. बावीस वर्षांत त्याच्या पोटावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. श्वास पोटात घ्यायचा नाही, पाठीत घ्यायचा, हे त्यानं स्वतः शोधून काढलं होतं आणि वर्धमानच्या तीन मढ्यांना फुकट शिकवलं होतं. पण आज पोट हललं असेल, कारण आज पोटात लेकीचं काम होतं.

वर्धमान लगबगीनं आला. हातात डबा. मावळतीआधी जेवायचं असा त्याच्या घरचा नेम. सूर्य तर टेकडीला लागला होता. "नाथा, उजेड चाललाय. एकच टेक हुईल. मग त्यांचा बी खेळ खलास आन् माजं बी जेवान खलास. पोरी, एक डाव रड की गं! माजी भाकरी आठव."

ती परत खिदळली.

नाथाजीनं ठरवलं. ह्या वेळी श्वासच घ्यायचा नाही. पाठीतही नाही. तो आडवा झाला. ॲक्शनच्या आधी त्यानं विहिरीत बुडी मारावी तसा छातीभर वारा भरून घेतला आणि दार लावलं.

पावलं आली. गुडघे टेकले. हात हातात आला. "बाबूजी..." मग शांतता. हसू आलं नाही. नाथाजीच्या कानात समुद्र घोंघावायला लागला. शाब्बास, तो मनात म्हणाला, आता पुढचं म्हण. "एक बार आँखें खोलिए." म्हणाली! स्वच्छ म्हणाली, कॉलेजातल्यासारखी. आता कट येईल. कट आला नाही. बाईंना लेकीचा चेहरा अजून बघायचा होता. नाथाजीनं अजून धरलं. मिटल्या डोळ्यांपुढं लाल ठिपके नाचायला लागले, बोटं गार पडली. आणि ती गार बोटं प्रियदर्शनीच्या हातात होती.

तिनं त्याच्या पोटाकडं पाहिलं. पोट हलत नव्हतं. नाकापाशी हात नेला. काहीच नाही.

"आण्णा?"

हे वाक्य कागदावर नव्हतं.

"आण्णा! आवं आण्णा! उठा की! आवं, आण्णाऽऽ!"

ती ओरडली तशी देवळाच्या शिखरावरचे पारवे उडाले. तिनं त्याचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले, आणि सत्तावीस सिनेमांत माशीला, मुंगीला, गार पाण्याला न बधलेला नाथाजी रांजणे बाजेवर ताडकन उठून बसला.

"आं? काय झालं गं? कोन पडलं?"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग म्हातारी पहिली हसली, तिच्या मागून गावकरी, लाइटवाले. कॅमेऱ्यामागचा माणूस तर कॅमेऱ्यालाच टेकला. प्रियदर्शनी बापाच्या गळ्यातल्या झेंडूंवर बुक्क्या मारत होती. "मेला वाटलं मला! खरं मेला वाटलं!" नाथाजीचं मात्र तोंड उतरलं. लेकीनं केलं, आणि आपण पाडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यामुळं शॉट गेला होता, आणि तो नेमका हा.

बाई उठून आल्या. हसल्या नाहीत. प्रियदर्शनीच्या हनुवटीला बोट लावून तिचा चेहरा उजेडाकडं फिरवला, आणि मग मागं वळून म्हणाल्या, "मुंबई को मना कर दो. लड़की रहेगी. मुर्दा बदलो."

नाथाजीला हिंदी नीट येतं. तरी त्यानं वर्धमानला विचारलं, "काय म्हणाल्या?"

"तुला काढलं," वर्धमान भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला.

"आन् पोरीला?"

"ठेवली की."

"जल्दी! लाइट जा रही है!" बाई ओरडल्या. त्यांची नजर चौकातून फिरत फिरत वर्धमानच्या डब्यावर येऊन थांबली. अंगापिंडानं वर्धमान नाथाजीसारखाच. "ये लेटेगा."

"म्याडम, मैं तो आदमी देता हूँ, मरता नहीं!" वर्धमान म्हणाला. पण माळ नाथाजीच्या गळ्यातून निघून त्याच्या गळ्यात पडलीसुद्धा. त्यानं तोंडातला घास गिळला आणि सूर्याकडं एकदा बघून आडवा झाला. नाथाजी त्याच्या कानाशी वाकला. "दादा, श्वास पाठीत घ्या. पोट हलू देऊ नका. माशी आली तर आपली म्हणायची."

मग त्याला हाताला धरून कुणीतरी मागं नेलं आणि बाईंच्या खुर्चीशेजारी, छोट्या पडद्यापुढं उभं केलं. बावीस वर्षांत नाथाजीनं शूटिंग पाहिलं नव्हतं. शॉट चालू असताना त्याचे डोळे कायम मिटलेले. आता ते टक्क उघडे होते, आणि पडद्यावर त्याची लेक धावत येत होती. पायात काटा मोडल्यासारखी ती एकदा अडखळली, हे त्याला कधीच ऐकू आलं नव्हतं. ती गुडघ्यावर बसली. हात हातात घेतला. "बाबूजी," ती म्हणाली, इतक्या हळू की आवाज टिपणाऱ्या पोरानं कानावरचं यंत्र दाबून धरलं, "एक बार आँखें खोलिए."

नाथाजीला रडू आवरेना, नाकातून फुर्र असा आवाज आला. सगळ्यांनी त्याच्याकडं रागानं पाहिलं. त्यानं धोतराचा सोगा तोंडात कोंबला.

"कट. ओके!"

टाळ्या पडल्या. नाथाजी धावत चौकाच्या कडेला गेला आणि घरी फोन लावला.

"अगं अंबू! मला काढून टाकलं!"

"अगं बया! मग आता?"

"मला काढलं, पोरीला ठिवलं! बारा दिस!"

"मग नोकरी गेलेला मानूस असा नाचतोय व्हय?" पलीकडून अंबूबाई म्हणाली. "आवं, ऐका. ती दमली आसंल. तिला आधी चा द्या, आन् नानासोला म्या सांगू का तुमी सांगताय?"

"तू सांग, तू सांग," नाथाजी म्हणाला. "मला तिकडं जायचंय. ती रडून झाल्यावर हसती कशी, ते बघायचंय."