डावा कोपरा

"डाव्या कोपऱ्यातनं नीट घुसला असतास तर आज लंगडला नसतास!"

इस्माईलमामू ओरडत होता, आणि मी विमानतळाकडे निघालेल्या जीपमध्ये माझाच पाय दोन्ही हातांनी उचलून ठेवत होतो. निरोपाला आलेला अख्खा मोहल्ला माझ्याकडे न बघता माझ्या गुडघ्याकडे बघत होता.

आदल्या दिवशी कबड्डीचा तालुक्याचा अंतिम सामना झाला होता. आमच्याकडून चढाईला कुणी जायचं आणि कुठून घुसायचं, हे मामू ठरवायचा. तो नात्यानं कुणाचाच मामू नव्हता, तरी सगळ्या खाडीचा मामू होता. समोरच्या डाव्या कोपऱ्यात एक पैलवान उभा होता. त्याच्या सावलीत दोन होड्या आरामात मावल्या असत्या. मामूनं मला पाच वेळा त्याच्याच अंगावर पाठवलं आणि पाचही वेळा त्यानं माझा घोटा धरला. शेवटच्या वेळी गुडघा असा वाजला की खाडीपलीकडच्या लोकांना कुणाची तरी वरात निघाली असं वाटलं. आम्ही हरलो. मामूनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आखणी बरोबर होती, या पोराच्या पायात दम नाही."

आई जीपच्या खिडकीतून एवढंच म्हणाली, "पोचलास की आधी जेव." अब्बा म्हणाले, "मामूला सलाम कर." केला, दातओठ खात केला. पहिल्या वळणापर्यंत माझी शपथही घेऊन झाली होती: या माणसाला एक दिवस भर मैदानात, माइकवर, सगळ्यांच्या देखत जाब विचारीन. गावकऱ्यांनो, माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून तुम्ही हळहळलात. ते पाणी रागाचं होतं.

त्याला बारा वर्षं झाली. गावात वारा सुटला की नारळ पडायचे, इथे कुवेतमध्ये वारा सुटला की समोरची इमारतच धुळीत नाहीशी होते. तिथे मी भरती-ओहोटी बघून घराबाहेर पडायचो, इथे अब्बासियाच्या वस्तीत कंपनीच्या बसचा हॉर्न ऐकून पडतो. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आला की कागद घेऊन कंपनीची सरकारी कामं करणाऱ्या मंदूबच्या मागे धावतो, लंगडत का होईना. भाकरीच्या जागी खुबूस आला. मुलीला मराठीत हाक मारली तर "कमिंग, अब्बा" म्हणते आणि येत नाही. सगळं बदललं, पण राग तेवढा मी गावाहून आणला तसाच ताजा ठेवलाय. आईनं दिलेलं लोणचंसुद्धा इतकं टिकलं नाही.

आणि गेल्या हिवाळ्यात मामू स्वतःच आला! इथल्याच फरवानियात, त्याच्या मुलीकडे, व्हिजिटवर. आमच्या खाडीवाल्या मंडळानं त्याला हार घातला आणि इथल्या स्पर्धेच्या चढाया त्याच्या हवाली करायचा ठराव मांडला. पहिला हात मीच वर केला. लोकांना वाटलं, काय हे मोठं मन!

अंतिम सामना शुक्रवारी सकाळी, एका शाळेच्या हॉलमध्ये. निळी मॅट, त्यामुळे नखात माती जायचा प्रश्न नाही. समोर घाटावरच्या बँक-आयटीवाल्यांचा संघ. ही मंडळी लॅपटॉप उघडून कबड्डी खेळतात. दोन चढायांत त्यांनी मामूची आखणी ओळखली आणि तिसरीपासून डाव्या कोपऱ्यात तिघं दबा धरून बसले. आमची पोरं एकामागून एक जाऊन त्यांच्या कुशीत पडत होती. मामू बाकावरून एकच सांगत होता, "डाव्यातनं! डाव्यातनंच!"

मी कंपनीची अख्खी बस भरून माणसं आणली होती, ती काय गप्प बसायला?

"मामू, उजवीकडची मॅट काय शोभेला अंथरलीय?"

"त्या कोपऱ्याच्या पत्त्यावर सिव्हिल आयडी काढलास काय रे?"

"टाइम-आउट घे! नाहीतर चहा तरी घे!"

घरात टीव्हीचा आवाज जरा वाढला तरी डोळे वटारणारी माझी बायको शबाना खुर्चीवर उभी राहून किंचाळली, "मामू, प्लॅन बदला हो!" माझा स्वतःचा आवाज अहमदीपर्यंत गेला. तिथल्या तेलविहिरी क्षणभर थांबल्या, असं सांगणारा साक्षीदार आहे. तो मीच.

आमच्यावर तीन लोण चढले. आम्ही हरलो आणि, अल्ला माफ करो, मला ईदसारखं वाटलं.

इथे नवीन आलेली पोरं मला विचारतात, भाई, तुला घराची आठवण येते का? मी म्हणतो, इथे सुपरवायझर रोज माझ्यावर खेकसतो, आणि घरी येऊन चपला काढेपर्यंत मी ते विसरलेला असतो. ज्याच्यावर बारा वर्षं राग धरावा असा माणूस मला या देशात मिळाला नाही. तो गावातच होता. माझं घर ते एवढंच.

तर सामना संपताच मी समालोचकाच्या हातातून माइक घेतला. मामू बाकाखाली वाकून चप्पल शोधत होता. मान केवढी बारीक झाली होती त्याची! पण मी थांबलो नाही.

"मामू, बारा वर्षांपूर्वी तू मला पाच वेळा त्याच कोपऱ्यात पाठवलंस. समोर पैलवान दिसत होता, तरी पाठवलंस. माझा गुडघा गेला, वर नावही गेलं. आज या पोरांचंही तेच केलंस. एकदा तरी बदलायचं होतंस! का नाही बदललंस? सांग सगळ्यांना!"

मी माइक त्याच्या तोंडापुढे धरला. मामूनं आधी चप्पल पायात सरकवली.

"रेष ओलांडल्यावर पुढे तू एकटाच होतास," तो म्हणाला. "उजवीकडे का नाही गेलास?"