घागरीची सायकल

अक्षर माझं वाकडं आहे, शाळा चौथीपर्यंतच झाली. वाचणाऱ्यानं चुका पोटात घालाव्यात.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या तेव्हा मी शेतात शिजलेली हळद वाळत घालत होते. शेजारणीनं बांधावरून हाक मारून सांगितलं. मी पाटी रिकामी केली, हळद हातानं सारखी केली आणि मग घराकडे निघाले... असं का केलं, कळत नाही. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

घरात तीन चाकांची लोखंडी सायकल आहे. सासऱ्यांनी कळमनुरीच्या बाजारातून आणलेली. आमचे हे आणि धाकटे भाऊजी तिच्यावरच खेळले. माझं लग्न झालं तेव्हा आत्यांनी ती पुसून, तेलपाणी करून ठेवली. वर्षं गेली, मला लेकरू झालं नाही. एकदा गल्लीतली एक बाई हसून म्हणाली, "सायकल चकाचक हाय, पर बसायला कोन?" मी आत गेले. आत्या बाहेर म्हणाल्या, "माझी घागर बसती की! तुला काहून तकलीफ?" दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच सीटवर घागर ठेवली, दोरीनं आवळली आणि दोरीचं मोकळं टोक धरून सायकल ओढत हापशावर गेल्या. गल्ली हसली. "म्हातारे, घंटी वाजव की!" "तूच बाजूला हो, बिरेक न्हाई हिला!" पुढं दारात नळ आला तरी त्या तशाच जायच्या. मला मात्र लेकरावरून पुन्हा कोणी बोललं नाही.

तेराव्यानंतर आत्यांची लुगडी, गोधड्या वाटून झाल्या. हिंगोलीहून मोटरसायकलवर आलेले भाऊजी म्हणाले, "दादा, सायकल नेऊ का? रंग मारला की आमचं पोरगं खेळंल." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. हे म्हणाले, "ने की." भाऊजी घागरीची दोरी सोडायला लागले. त्यांच्यासमोर मी कधी बोलले नव्हते.

"न्हाई," मी म्हणाले. "मला पानी आनायचंय."

"वहिनी, नळ हाय की दारात!"

"व्हय."

मी दोरी पुन्हा आवळली आणि निघाले. हापशावर घागर भरली. परतताना चढावर सायकल पुढं येईना. मग आत्या करायच्या तसं सायकलीकडं तोंड करून, दोन्ही हातांनी दोरी ओढत, उलटी चालत आले. दारात भाऊजी उभे होते. त्यांनी घागर उतरवली, सायकल भिंतीला लावली आणि मोटरसायकल मोकळीच घेऊन गेले.