सूर्य मागे आला ती आठ मिनिटं

झालं गेलं विसरून जावं, असं आमच्या घरी सारखं सांगत. माझ्या ते कधी अंगी बाणलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत प्रोबेशनवर लागले. आम्ही ऑफिसांच्या गच्च्यांवर उपग्रहाच्या डिश बसवायचो. हिंजवडीत उसाला लागून काचेच्या इमारती उठत होत्या आणि तिथली सॉफ्टवेअरवाली मंडळी परदेशाशी बोलायची ती आमच्या डिशमधून. शिडी, पाना आणि ऊन माझ्या वाट्याला. गिऱ्हाइकाशी हस्तांदोलन माझ्या साहेबांच्या.

काम सांगायला सोपं आहे. उपग्रह विषुववृत्ताच्या वर छत्तीस हजार किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी खिळलेला वाटतो. डिशचं तोंड नेमकं त्याच्याकडे करायचं. वरून येणारा सिग्नल फार अशक्त. डिश तो गोळा करून समोर तीन दांड्यांवर धरलेल्या नळकांड्यात टाकते. त्याला फीड म्हणतात. तोंड एक-दोन अंश चुकलं की मुसळ केरात.

हिंजवडीतल्या एका गच्चीवर अशी डिश मी तीन दिवस खपून लावली. उद्घाटन दसऱ्याला. यंत्राची पूजा व्हावी, माझी काही हरकत नव्हती. पण फोटोग्राफर आला म्हणून साहेब जन्मात पहिल्यांदा शिडी चढले आणि पाणी मारलेला झेंडूचा जाडजूड हार त्यांनी थेट फीडच्या तोंडावर चढवला. सिग्नल गेला.

"सर, हार काढा. फीड झाकलंय," मी म्हणाले.

गिऱ्हाइकाची दहा माणसं ऐकत होती. साहेब त्यांच्याकडे बघून हसले. "दिशा चुकली की दोष देवाच्या हाराला! पोरगी नवी आहे हो. आम्ही बघतो."

सगळे पेढे खायला खाली गेल्यावर गावातल्या वॉचमनकाकांनी मला शिडी धरली, मी हार उतरवला, सिग्नल आला. "कळत न्हाय तर चढायचं कशाला?" काका म्हणाले. खाली साहेब सांगत होते की दिशा त्यांनी दुरुस्त करून घेतली. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं. कारण लिहिलं होतं, 'कामात अचूकता नाही.' त्या कागदाने मी पेटले. अचूकतेशिवाय माझ्याकडे दुसरं होतं काय?

मार्च उजाडला. वर्षातून दोनदा, दिवस-रात्र सारखे होण्याच्या सुमारास, सूर्य काही दिवस बरोबर उपग्रहाच्या मागे येतो. डिश उपग्रहाकडे बघते, तिला सूर्यच दिसतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. आठ-दहा मिनिटं. मग आपोआप परत येतो. बिघाड नसतो, करायचं काही नसतं. तारखा आणि वेळा फॅक्सने आधीच येतात. तो फॅक्स मी साहेबांच्या टेबलावर, अगदी वर ठेवला. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

नेमक्या त्या तारखांमध्येच हिंजवडीच्या गिऱ्हाइकाकडे परदेशी पाहुणे येणार होते. प्रात्यक्षिकाची वेळ साहेबांनी दिली दुपारी साडेबाराची, बरोबर फॅक्सवरची. 'सर, एक वाजता ठेवा,' एवढंच मला म्हणायचं होतं. मी ते म्हणाले नाही. त्या कंपनीने माझं काही वाकडं केलं नव्हतं, हे मला मान्य आहे. तरी म्हणाले नाही.

त्या दिवशी मी गच्चीवर उभी राहिले. फीडची सावली डिशवरून सरकत सरकत बरोबर मध्यावर आली, म्हणजे सूर्य बरोबर मागे आला. खाली गलका झाला. साहेब धापा टाकत वर आले. "दिशा हललीय!"

"थोडं थांबा, सर."

"कशाला? पीएमटीची बस यायचीय?"

पाना हिसकावून त्यांनी बोल्ट सैल केले आणि डिश चांगली दोन बोटं ढकलली. सूर्य पुढे सरकला. सिग्नल वेळेवर परत आला असणार, पण आमची डिश आता भलतीकडेच बघत होती. पाहुणे कोऱ्या पडद्यापुढून उठले.

गिऱ्हाइकाचे मॅनेजर वर आले. मी फॅक्सची प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी वेळ वाचली, घड्याळ पाहिलं आणि साहेबांकडे वळून म्हणाले, "आता आपण या मॅडम सांगतील तसं करा." संध्याकाळी त्यांनी आमच्या मालकांना फोन केला आणि महिन्याभरात मी कायम झाले.

पण मला आठवते ती दुपार. मी डिशपाशी पाना घेऊन, साहेब उन्हात सिग्नल मोजायचा मीटर घेऊन, आकडे वाचत. "मोठ्याने, सर. ऐकू येत नाही." अर्ध्या तासाचं काम मी दोन तास पुरवलं.

शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "तुला माहीत होतं ना?"

"आठ दिवस तुमच्या टेबलावर होतं, सर. तुम्ही एकदा वाचलं असतंत, तर मी हरले असते."

मी डिश जराशी हलवली. त्यांनी पुढचा आकडा वाचला, मोठ्याने.