नफ्यात असताना गेलेलं अकाउंट

सुनंदाताईंचं अकाउंट त्यांच्या हावेमुळे गेलं, असं मी भर वर्गात सांगितलं. ते खोटं होतं. ते माझ्यामुळे गेलं.

पेणला रामवाडीत मी ट्रेडिंगचा क्लास शिकवतो. क्लास नंदनचा, तो रोह्याच्या ऑफिसात बसतो. सुनंदाताई जोह्याच्या. गणपतीच्या कारखान्यात मजुरीवर डोळ्यांची आखणी करतात. वर्षभर त्यांनी एकही तास चुकवला नाही. मग त्यांनी प्रॉप फर्म निवडायचं ठरवलं.

प्रॉप फर्मला फी भरायची, तिची परीक्षा पास करायची, की ती कंपनी तिच्या पैशावर तुम्हाला परदेशी बाजारात फ्युचर्सचे, म्हणजे वायद्याचे, सौदे करू देते. हे फंडेड अकाउंट. फायद्यातला मोठा वाटा तुमचा. शिल्लक ठरलेल्या रेषेखाली गेली की अकाउंट बंद.

ताईंनी दोन फर्म काढल्या होत्या. एकीची रेषा दिवसअखेरच्या शिलकीवर ठरायची. दुसरीच्या नियमात ‘ट्रेलिंग’ लिहिलं होतं. ताईंनी विचारलं, ह्या ट्रेलिंगचा अर्थ काय?

ट्रेलिंग हा आमच्या वर्गातला लाडका शब्द. भाव वर गेला की आपण आपला स्टॉपलॉस, म्हणजे सौद्यातून बाहेर पडायचा भाव, मागोमाग वर सरकवतो आणि हातातला फायदा राखतो. मी म्हणालो, “ट्रेलिंग म्हणजे आपल्याच फायद्याचं. हीच घ्या.” नियमाचं पान मी उघडलंही नव्हतं. त्या फर्मची लिंक नंदनची होती. कोणी त्या लिंकवरून गेलं की क्लासला कमिशन यायचं, त्यात माझाही वाटा असायचा. हे मी ताईंना सांगितलं नाही.

ताई पास झाल्या. पहिला पेआउट, म्हणजे फायद्यातला वाटा, हातात आला की मजुरी सोडून घराच्या पडवीत स्वतःच्या मूर्ती करायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. पेआउटला एक दिवस उरला असताना, भर दुपारी, अकाउंट बंद झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी सौद्यांची वही पुढे केली. “सर, मी नफ्यात होते. नफ्यात असताना बंद कसं झालं?”

मी वहीकडे पाहिलं नाही. वर्गाकडे वळून म्हणालो, “हाव सुटली की असं होतं. गणपतीचे डोळे आखणं वेगळं, चार्ट वाचणं वेगळं.” सगळे हसले. ताई वही मिटून गेल्या, पुढच्या तासांना आल्या नाहीत.

आठवड्याभरात बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी हीच तक्रार केली. तेव्हा मात्र मी नियम उघडला. एका बाईच्या प्रश्नाला मी उघडला नव्हता, हेही इथे लिहून ठेवतो.

ताईंच्या अकाउंटात पन्नास हजार डॉलर होते, रेषा दोन हजार खाली. सौदा चालू असताना स्क्रीनवर शिल्लक क्षणभर बावन्न हजार चारशे झाली. त्याच क्षणी रेषा पन्नास हजार चारशेवर चढली. ती पुन्हा उतरत नाही. भाव मागे आला, रेषेला टेकला, अकाउंट बंद. ताई तेव्हा चारशे डॉलर नफ्यात होत्या. दिवसअखेरच्या रेषेच्या फर्ममध्ये काहीच झालं नसतं.

आमचं ट्रेलिंग आपला फायदा राखतं. हे ट्रेलिंग फर्मचा पैसा राखतं. शब्द तोच.

माझं डोकं फिरलं. बाईक काढली आणि थेट रोह्याला गेलो. नंदन चहा पीत होता.

“तुला हा नियम माहीत होता?”

“असणारच. त्यांना रीसेट घ्यायला सांग. परत फी भरतील, आपलं कमिशन परत येईल.”

“माणसं बुडतात त्यावर आपण दोनदा खायचं?”

“नियम वाचायचे असतात रे. मास्तर तू. तू वाचलेस?”

तो हरामखोर आहे, पण हे खरं बोलला. येताना वडखळपर्यंत मी त्याला शिव्या देत होतो. वडखळच्या पुढे त्या मलाच लागू व्हायला लागल्या.

तसाच जोह्याला गेलो. ताई कारखान्यात मूर्तीसमोर पाटावर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, कमिशनसुद्धा. त्यांनी हातातला डोळा पुरा केला.

मग म्हणाल्या, “माझा हात हलला नाय, एवढं मना माहीत होतं. पण घरात कोण मानतंय? सर बोलले ना, हावरट.”

“ताई, चुकलो मी.”

“हितं सांगून काय उपयोग? हसले ते तिकडं वर्गात बसतात.”

अकाउंट परत मिळालं नाही. फर्मने माझ्या मेलला दोन ओळींचं उत्तर दिलं: नियम आधीच कळवले होते. नंदनची लिंक मी वर्गाच्या फळ्यावरून पुसली. आता कोणतीही फर्म सुचवण्याआधी मी एकच गोष्ट तपासतो, रेषा कधी सरकते आणि कुठे थांबते. फी नंतर.

मी बोलावलं म्हणून सोमवारी ताई वर्गात आल्या, मागच्या बाकावर बसल्या. मी त्यांच्या वहीतले आकडे फळ्यावर मांडले, रेषा कशी चढली ते दाखवलं. मग खडू ठेवला.

“सुनंदाताईंनी एकही चूक केली नाही. नियम मी वाचला नव्हता. कमिशन मी घेतलं. आणि वर तुम्हा सगळ्यांना त्यांच्यावर हसवलं. ताई, मला माफ करा.”